पऱ्याची दोन कार्डं

बाबा प्राथमिक शिक्षक होते. बदली होईल त्या गावी ते तिथल्या बोलीतले शब्द टिपून ठेवायचे. संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. एका शब्दाला एक कार्ड. त्यावर शब्द, अर्थ, गाव आणि कोपऱ्यात कार्डाचा क्रमांक. कार्डं बुटांच्या रिकाम्या खोक्यांत लावलेली. २०१४ साली मी ती संगणकावर आणायला घेतली. माझी सगळी नोकरी पुण्यात सी प्लस प्लसमध्ये गेलेली, पायथन मी या कामासाठी नव्याने शिकले. दोन महिन्यांत आटपेल असं वाटलं होतं. त्याला वर्षं लागली, आणि त्यातला बराचसा वेळ कार्डं कशात ठेवायची हे समजण्यात गेला. लिस्ट, टपल, सेट, डिक्ट ही पायथनची आयती साठवणीची साधनं. घरी आम्ही त्यांना डबेच म्हणायला लागलो. त्यांनी मला जे शिकवलं ते हे.

१.

आयता डबा आपण घडवलेल्या डब्यापेक्षा चांगला असतो, हे मान्य करायला मला दोन आठवडे लागले. इंजिनीअरिंगला असताना आम्ही लिंक्ड लिस्ट हाताने लिहायचो आणि ती लिहिता येणं हीच हुशारीची खूण मानली जायची. त्या सवयीने मी पायथनमध्येही कार्डांची माझी स्वतःची साखळी लिहिली, एकेक गाठ नीट जोडली. ती चालली, पण फार हळू. पायथनचा इंटरप्रिटर माझ्या कोडची एकेक सूचना दर वेळी उलगडून चालवतो. त्याची स्वतःची लिस्ट मात्र आतून सी भाषेत लिहिलेली आहे. ती भरत आली की पुढची थोडी जागा आधीच घेऊन ठेवते, म्हणून प्रत्येक नव्या कार्डासाठी सगळं सामान हलवावं लागत नाही. माझ्या वीस ओळींचं काम तिथे एका शब्दात होतं, आणि कितीतरी पटींनी लवकर. सी प्लस प्लसमध्ये मी लिहिलेला लूप आणि लायब्ररीतला लूप शेवटी एकाच प्रकारचा यंत्रकोड होतो. इथे तसं नाही. इथे जितकं काम डब्याच्या आतच उरकेल तितकं बरं. जुनी विद्या बाजूला ठेवताना वाईट वाटलं, हे खरं.

२.

‘हे आपल्याकडे आहे का?’ हा प्रश्न लिस्टला विचारायचा नसतो. बाबांचे किती शब्द छापील मराठीत सापडतात ते मला पाहायचं होतं. विकिस्रोतावरच्या जुन्या पुस्तकांतून चार लाख शब्द उतरवून घेतले आणि एकेक शब्द बारा हजार कार्डांच्या लिस्टमध्ये शोधायला लावला. लिस्ट पहिल्या कार्डापासून बघत जाते आणि शब्द नसेल तर शेवटपर्यंत जाते. चार लाख गुणिले बारा हजार म्हणजे चारशे ऐंशी कोटी तुलना. माझ्या जुन्या लॅपटॉपला चार मिनिटं लागली. मग लिस्टच्या जागी सेट ठेवला, बाकी प्रोग्रॅम तसाच. उत्तर एका सेकंदाच्या आत आलं. सेट शब्दावरून एक आकडा काढतो, त्या आकड्यावरून कप्पा ठरवतो आणि थेट तोच कप्पा उघडतो. हॅशिंग मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. पण त्या दुपारी स्क्रीनसमोर बसून ते मला पहिल्यांदा खरं कळलं असं म्हणेन.

३.

आपली सर्वांत मोठी चूक काहीच तक्रार न करता होते. शब्दकोश करायचा म्हणजे डिक्ट हवाच, हे उघड होतं: शब्द ही की, कार्ड ही व्हॅल्यू. एका संध्याकाळी सगळी कार्डं डिक्टमध्ये भरली. कुठे एरर नाही, इशारा नाही. दिवाळीला देवरुखला घरी गेले तेव्हा बाबांना शेजारी बसवून इंटरप्रिटर उघडला. प्रश्न टाकला की पुढच्याच ओळीवर उत्तर येतं हे त्यांना फार आवडलं. गडगा विचारला, पाखाडी विचारली. मग म्हणाले, “बाय, पऱ्या बघ बरं.” पऱ्या आला. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, “आणि दुसरा?”

पऱ्याची दोन कार्डं होती. एका गावचं सांगत होतं की पऱ्या म्हणजे पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. दुसऱ्या गावच्या कार्डावर होतं की बारमाही वाहतो त्यालाही पऱ्याच म्हणतात. डिक्टमध्ये एका कीला एकच व्हॅल्यू. दुसरं कार्ड आलं की पहिलं जातं, आणि ते गेल्याचं कुणी सांगत नाही. मी मोजून पाहिलं. टाइप केलेली कार्डं १२,०४६, डिक्टमध्ये १०,५७१. १,४७५ कार्डं मी एका संध्याकाळीत पुसून टाकली होती. फाइल शाबूत होती, त्यामुळे खरं नुकसान काही झालं नाही. पण बाबा त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यातल्या काही कार्डांसाठी ते दोन-दोन तास चालत गेले होते.

डिक्टचा यात दोष नाही. त्याने मला विचारलं होतं, ‘एका शब्दाला एकच कार्ड, बरोबर?’ आणि मी तो प्रश्न न ऐकताच हो म्हणून मोकळी झाले होते. त्यानंतर एक सवय लागली. कुठलाही डबा भरला की आत किती गेलं आणि बाहेर किती होतं हे दोन आकडे शेजारी शेजारी छापून बघते. कामावरही. सहकाऱ्यांना सुरुवातीला ते विचित्र वाटायचं.

४.

त्यावरचा उपाय सोपा होता, आणि त्या उपायानेही मला एक धडा दिला. एका शब्दाला अनेक कार्डं, म्हणजे डिक्टमध्ये प्रत्येक कीपुढे एक लिस्ट हवी. कलेक्शन्स या मॉड्यूलमध्ये डिफॉल्टडिक्ट आहे, २००६च्या पायथन २.५ पासून. की नसेल तर तो स्वतःच तिथे रिकामी लिस्ट ठेवतो. भरताना याचं फार सुख. मग मी पुस्तकांतल्या प्रत्येक शब्दासाठी त्याला चौकोनी कंसात विचारत गेले की तुझ्याकडे याची कार्डं आहेत का. रात्री संग्रह मोजला तर तो अकरा हजारांच्या आतून सत्तर हजारांवर गेलेला. नुसतं विचारलं तरी डिफॉल्टडिक्ट त्या शब्दाची रिकामी जागा करतो. बाबांनी कधी न टिपलेले साठ हजार शब्द त्यांच्या संग्रहात जाऊन बसले होते, प्रत्येकापुढे एक रिकामी लिस्ट.

आता भरणं संपलं की मी त्याचा साधा डिक्ट करून घेते. साधा डिक्ट नसलेल्या शब्दाला स्पष्ट नाही म्हणतो. सुरुवातीला की-एरर दिसली की मला राग यायचा, आता ती दिसली की आधार वाटतो.

५.

क्रम गृहीत धरू नये, हे मला माझ्याच प्रोग्रॅमने रोज वेगळा क्रम दाखवून शिकवलं. सी प्लस प्लसचा मॅप की क्रमाने लावून ठेवतो, मला तीच सवय. पायथन ३.४ मध्ये तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला की शब्द दोन वेगळ्या क्रमांनी यायचे. माझा कोड कुठेतरी फुटलाय असं समजून मी एक अख्खा रविवार घालवला.

कारण कळलं तेव्हा मात्र चकित झाले. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवलं की एकाच कप्प्यात पडतील अशा हजारो की मुद्दाम निवडून पाठवल्या तर वेबसाइट चालवणारा सर्व्हर जवळपास ठप्प करता येतो. पायथनच नव्हे, त्यात अनेक भाषा सापडल्या. म्हणून पायथन ३.३ पासून शब्दाचा आकडा काढताना प्रोग्रॅमच्या दर खेपेला एक नवं गुपित मिसळलं जाऊ लागलं. मला जी बेशिस्त वाटत होती ती मुळात राखण होती.

पुढे हेही बदललं. रेमंड हेटिंगर यांनी २०१२ साली डिक्टची एक आटोपशीर रचना सुचवली होती: नोंदी आल्या त्या क्रमाने एका सलग रजिस्टरात, आणि कुठली नोंद कुठे आहे हे सांगणारी छोटी सूची वेगळी. २०१६च्या ३.६ मध्ये ती आली. जुन्या डिक्टपेक्षा मेमरी २० ते २५ टक्के कमी लागू लागली, आणि भरल्या क्रमानेच नोंदी परत मिळू लागल्या. तो क्रम भाषेचा नियम म्हणून पक्का झाला २०१८च्या ३.७ मध्ये. मला यातला हा मधला काळ महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट घडते आहे आणि एखाद्या गोष्टीचा शब्द दिला आहे, या दोहोंत तेवढं अंतर होतं. सेटने मात्र क्रमाचा शब्द अजूनही दिलेला नाही.

६.

डोळ्यांना एक दिसणारे दोन शब्द डब्याला दोनच असतात. मराठीत काम करणाऱ्याला तर हे आधीच सांगायला हवं. निम्मी कार्डं मी टाइप केली होती, निम्मी भाच्याने फोनवर. एकदा मी पऱ्या विचारला आणि की-एरर आली. शब्द समोर छापलेला दिसत होता, तरी नाही म्हणे.

ऱ्य लिहिण्याच्या तीन वाटा आहेत. ऱ हे एक अखंड अक्षर घेऊन त्याला हलन्त द्या, किंवा र खाली नुक्ता देऊन मग हलन्त द्या, किंवा र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाका. स्क्रीनवर तिन्ही सारखी, आत तिन्ही वेगळी, म्हणून त्यांचे आकडे वेगळे आणि कप्पेही वेगळे. अॅपमधल्या पहिल्या अक्षराचंही तसंच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी अ ला अर्धचंद्र जोडावा लागायचा. आज दोन्ही चालू आहेत.

युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ वापरलं की नुक्त्याचा र आणि अखंड ऱ एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचा र आणि अ वरचा अर्धचंद्र यांना ते हात लावत नाही. त्यांचे नियम मी स्वतः लिहिले. साठ-सत्तर शब्द जोडीने वेगळे पडले होते, ते एकत्र आले. गंमत वाटली ती दुसऱ्याच एका गोष्टीची. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं, आणि अशा नावांचं असं एकीकरण भाषा आपणहून करते. पण आपण साठवलेल्या मजकुराला ती बोटही लावत नाही. आधी मला हे विसंगत वाटायचं. आता पटतं. नाव हे भाषेचं, मजकूर माझा.

७.

क्रम लावणं म्हणजे कुणाचा क्रम, हे ठरवणं. सगळे शब्द लावून बाबांना दिले तर ख च्या पानावर त्यांनी लाल पेनाने खूण केली. खळं हे खवलेच्या आधी आलं होतं. शाळेत आपण म्हणतो श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ळ आहे ल च्या शेजारी, व च्या आधी. पायथन त्या तक्त्याचे आकडे बघतो, त्याला आपली वर्णमाला कुठून ठाऊक असणार? लावणीला एक छोटं फंक्शन जोडता येतं, जे प्रत्येक शब्दासाठी आपल्याला हवा तो क्रम सांगतं. क्ष आणि ज्ञ ही आत तीन तीन चिन्हांची जोडाक्षरं, त्यांना शेवटी नेण्यात माझे आणखी काही दिवस गेले.

पण त्यातच दोन गोष्टींनी आनंदही दिला. एक म्हणजे पायथनची लावणी स्थिर आहे. सारख्या शब्दांची कार्डं ज्या क्रमाने दिली त्याच क्रमाने परत मिळतात. टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिलेली ही रीत, पुढे जावानेही उचलली. कार्डं क्रमांकाने लावून मग शब्दाने लावली, तेव्हा बाबांचं आधीचं कार्ड आधी, नंतरचं नंतर, हे मी आणखी काही न करता टिकलं. दुसरी म्हणजे कार्डांचे क्रमांक. भाच्याने १०, ९ असे देवनागरीत टाइप केलेले, मी माझ्या भागात इंग्रजी आकडे वापरलेले. मजकूर म्हणून लावले तर दहा हा नवाच्या आधी यायचा. पूर्णांक करणारं इंट हे फंक्शन देवनागरी आकडे जसेच्या तसे वाचतं, हे मला माहीतच नव्हतं. ‘१२’ दिलं, बारा मिळाले. कुठल्या तरी दूरच्या माणसाने आपल्या लिपीची आधीच आठवण ठेवली होती. त्या दिवशी मी हे घरात सगळ्यांना सांगितलं.

८.

एकच डबा बारा नावांनी ओळखला जाऊ शकतो. कार्डं महिन्यांप्रमाणे वाटायची म्हणून मी एका लिस्टमध्ये एक रिकामी लिस्ट ठेवून तिला बाराने गुणलं. जूनमध्ये आगोट हा शब्द टाकला तर तो बाराही महिन्यांत दिसायला लागला. गुणाकाराने बारा लिस्ट होत नाहीत, एकाच लिस्टकडे बोट दाखवणाऱ्या बारा खुणा होतात. प्रत्येक महिन्याची लिस्ट वेगळी करून द्यावी लागते.

याचंच जुळं भावंड म्हणजे लूप चालू असताना त्याच लिस्टमधून कोरी कार्डं काढणं. एक काढलं की मागचं त्याच्या जागी सरकतं आणि लूप मात्र पुढे जातो. लागोपाठ दोन कोरी असली की दुसरं वाचतं. डिक्टमधून असं काढायला गेलं तर तो लगेच थांबवतो, लिस्ट थांबवत नाही.

९.

काही डबे थोडक्यात समजतात. रांगेच्या पुढून काढायचं आणि मागून भरायचं असेल तर डेक घ्यावा. लिस्टच्या डोक्यावरचं एक काढलं की बाकी सगळं एकेक घर सरकतं. बारा हजारांना ते जाणवलं नाही, चार लाखांना जाणवलं. शब्द आणि गाव मिळून एक की करायची असेल तर टपल. लिस्ट त्या जागी चालत नाही. जी गोष्ट नंतर बदलू शकते, तिच्यावरून कायमचा कप्पा कसा ठरवणार?

१०.

कुठली वस्तू कुठल्या डब्यात होती, हीसुद्धा माहितीच असते. हे मला सर्वांत उशिरा कळलं. सगळं झालं, शब्द लागले, गावं लागली. मी छापील प्रत घेऊन देवरुखला गेले. बाबांनी ती दोन दिवस वाचली आणि विचारलं, “संशयाचा खोका कुठाय?”

सात खोक्यांपैकी एकावर झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात ‘संशय’ लिहिलेलं होतं. एकाच माणसाकडून ऐकलेले, पडताळून न पाहिलेले शब्द ते त्यात ठेवायचे. कार्डावर वेगळी खूण करायची गरजच नव्हती, खोका हीच खूण. मी टाइप करायला घेताना सगळी खोकी एकत्र ओतली होती. प्रत्येक कार्डाचा शब्द, अर्थ, गाव, क्रमांक, सगळं नीट घेतलं. ते कुठून उचललं, एवढंच घेतलं नाही. इतकी वर्षं मी डब्यांचा अभ्यास करत होते, आणि बाबांच्या डब्याकडे मी नुसता पुठ्ठा म्हणून पाहिलं होतं.

कार्डासाठी मी नेम्डटपल वापरला होता. त्यात खोका हे पाचवं घर वाढवायला पाच मिनिटं लागली. ते भरायला तो पावसाळा लागला. आम्ही दोघं ओटीवर बसायचो. मी यादीतला शब्द वाचायचे, बाबा आठवून सांगायचे, संशय की नक्की. त्यांना बहुतेक सगळं आठवत होतं. कुणी सांगितलं, कुठल्या वाडीत, त्या दिवशी पाऊस होता का. काही शब्द त्यांनी तेवढ्यात शेजारच्या काकूंना विचारून नक्कीत टाकले.

पऱ्याचं दुसरं कार्ड, बारमाही वाहणाऱ्या ओढ्याचं, संशयाच्या खोक्यातलं निघालं. म्हणजे त्या पहिल्या दिवाळीत माझ्या डिक्टने खात्रीचं कार्ड पुसून त्याच्या जागी संशयाचं ठेवलं होतं, आणि मी तेच बाबांना वाचून दाखवलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “त्या वाडीत जाऊन विचारायला हवं होतं. राहिलंच.”

आता पऱ्या विचारला की दोन कार्डांची लिस्ट येते. दुसऱ्याच्या पाचव्या घरात ‘संशय’ आहे. यंदा उन्हाळ्यात, सगळे वहाळ आटतात तेव्हा, मी त्या वाडीत जाणार आहे.